पाणी शिंपडू नका

चिखलदरा,
ता. २५ आक्टोबर १९३१

माणिकबाई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. हे पत्र तुला मास्तरांच्या सरोजिनीबाई वाचून दाखवतील, त्यांनाही नमस्कार. आपल्या घरातल्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकाव्या लागतात याचा तुला राग येईल. पण तू लग्न होऊन अकोल्याला गेलीस आणि मग आपल्या भातकुलीत मुलींची शाळा निघाली, म्हणून मी तेवढी शिकले. त्याला आपण काय करणार?

दसऱ्यानंतर नत्थुजी वर आला. बंगल्यांचं सामान परतवाड्याहून तोच गाडीबैलानं आणतो, आणि त्याची बहीण तुमच्याच आळीत दिली आहे, हे मला ठाऊक होतं. तरी इतक्या वर्षांत त्यानं तुझ्याकडचा निरोप कधी आणला नव्हता. यंदा बैल सोडायच्या आधीच म्हणाला, "वच्छलाबाई, तुमच्या बहिणीनं बोलावणं नाही धाडलं, काम धाडलं." माणूस खरं बोलतो, पण आधी काय सांगावं ते त्याला कळत नाही.

तानूचं लग्न ठरलं हे ऐकून मला बरं वाटलं. मुलगा अमरावतीचा, भगवंत नावाचा, घरची संत्र्याची बाग, सासू नाही, आजेसासू आहे. सगळं नत्थुजीकडून दोनदा वदवून घेतलं. शेषराव भाऊजींनी एका साहेबाच्या बंगल्यात भाजी देताना काचेच्या भांड्यातले वाळवलेल्या निळ्या फुलांचे गोंडे पाहिले, ते चिखलदऱ्याहून येतात आणि ते वाळवण्याचं काम मी करते, हेही त्यांना तिथल्या खानसाम्याकडून कळलं. वैशाखात मोगऱ्याशिवाय फूल नाही, आणि मोगरा दुपारपर्यंत मान टाकतो. म्हणून मांडवासाठी हे गोंडे हवेत. सोयरे मोठे आहेत, त्यांनी पाहत राहावं अशी भाऊजींची इच्छा.

पाठवीन. यंदाची फुलं आता तयारच होत आली आहेत.

जिच्या बागेत मी काम करते ती मडम त्यांना हायड्रेंजिया म्हणते, आमची जीभ तशी वळत नाही. पावसाळाभर झाडावर नुसता निळा ढीग असतो. तेव्हा तोडलं तर संध्याकाळपर्यंत चिंधी होते. आश्विनात निळाईवर थोडा हिरवा रंग चढतो आणि पाकळी बोटाला कागदासारखी लागते, तेव्हा तोडायचं. पानं काढायची, आणि दोन बोटं पाण्यात दांडे उभे करून अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. पुन्हा पाणी घालायचं नाही. आहे तेवढं पिऊन झालं की ते उभ्या उभ्याच वाळतं. मडमनं शिकवलं तेव्हा मला ते पाहवत नव्हतं. तहानेलं फूल आणि आपण दार लावून बाहेर बसायचं.

तुझ्याकडे एकच मागते. मला लग्नाला येऊ दे. तानूला तुम्ही सांगितलं आहे की मानमोडीच्या साथीत बाप गेला आणि मागोमाग आई गेली. ते तसंच राहू दे. पाट लावून दुसऱ्या घरी गेलेली बाई पहिल्या घराला मेलीच, हे मला तेव्हाही मान्य होतं, म्हणून तर तिला तुझ्या ओटीत टाकून आले. मी कोण हे कोणाला सांगू नको. लग्नघरात भांडी घासायला बाई लागतेच. मी मागच्या अंगणात बसेन.

उत्तर नत्थुजीजवळ दे.

वच्छला


चिखलदरा,
ता. १३ डिसेंबर १९३१

माणिकबाई,

उत्तर मिळालं. नत्थुजीनं तुझेच शब्द सांगितले, "तिले म्हना, फुलं येऊ दे, तू नोको येऊ." बरं. पुन्हा विचारणार नाही.

गोंडे छान उतरले आहेत. इथं धुकं दिवसभर हटत नाही, त्यामुळे बुरशीची भीती. कॉफीच्या बिया ठेवतात त्या कोठीत मी दांडे उलटे टांगले आहेत आणि दाराशी निखाऱ्यांची शेगडी ठेवते. धूर लागला तर फूल पिवळं पडतं, म्हणून निखारे बाहेर फुलवून आत न्यायचे. माझा खोकला त्या धुराचा आहे, दुसरं काही नाही. नत्थुजी काही बोलला असेल तर मनावर घेऊ नको.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी. बाबांची आठवण कर. संध्याकाळी उरलेलं एकही फूल ते घरात राहू द्यायचे नाहीत. विकलं गेलं नाही तर विहिरीवरच्या आळ्यात पुरायचे. म्हणायचे, माळ्याच्या घरात शिळं फूल म्हणजे वाण्याच्या घरात खोटं माप. देवावरून उतरलं ते निर्माल्य, आणि झाडावर वाळलं तेही निर्माल्यच. मी इथं इतकी वर्षं हीच फुलं हाताळते आहे. मडमचं मूल इथल्या दफनभूमीत आहे, त्याच्यासाठी दर नाताळला मीच गुच्छ बांधते. त्यामुळे मला आता ती मेलेली वाटत नाहीत. पण तुमच्या मांडवात म्हाताऱ्या बायका असतील.

आमच्या घरधन्यांना विचारलं. त्यांचं बोलणं तुला माहीत नाही, दिवसातून चार वाक्यं. म्हणाले, "फूल मेलं त मेलं. साहेबाच्या घरी असो नाही त सोयऱ्याच्या."

म्हणून भाऊजींना सांग, हवं तर गोंडे बाहेरच्या दाराला बांधा, नवरानवरीच्या डोक्यावर बांधू नका. आणि नकोच म्हणाले तरी मला राग नाही. तसा निरोप दे.

तानूची उंची केवढी झाली? केस कसे आहेत, माझ्यासारखे पातळ की तिच्या बापाच्या घरासारखे दाट? सहज विचारते.

वच्छला


चिखलदरा,
ता. २८ एप्रिल १९३२

माणिकबाई,

भाऊजींचा निरोप पोचला, की फुलं मेलेली दिसत नाहीत तर मेलेली आहेत हे कोणाला कळणार. ठीक. घर त्यांचं, मांडव त्यांचा.

नत्थुजी उद्या टोपल्या घेऊन निघेल. परतवाड्यापर्यंत गाडीबैल, पुढे एलिचपूरच्या छोट्या गाडीनं मुर्तिजापूर, तिथून अकोला. टोपल्या कोणाला डोक्यावर घेऊ देऊ नकोस म्हणून मी त्याला बजावलं, तर म्हणाला, "नवरीले एवढं जपून नेत नाई, बाई." फुलं भाताच्या पेंढ्यात बसवली आहेत. लग्न वैशाखातल्या अखाजीनंतर आहे ना, तोवर टोपल्या अंधारात ठेवा, झाकण काढू नका.

आता जे लिहिते ते सरोजिनीबाईंनी दोनदा वाचावं. या फुलांवर पाणी शिंपडायचं नाही. एक थेंबही नाही. आपल्या लोकांचा हात सवयीनं जातो. टोपली उघडली की आधी ओंजळभर पाणी. भाऊजी तर झोपेतही शिंपडतील. पण याला पाणी लागलं की ते तरतरीत होत नाही, लगदा होतं. भाऊजींना समोर बसवून सांग, आणि मांडव बांधणाऱ्या गड्यांनाही सांग.

लहान टोपलीच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. तो तूच उघड, एकटी असताना. त्यात काय आहे ते इथं लिहीत नाही. तुला वाटलं तर तिला दे, नाही तर मोर्णा नदीत सोड.

उन्हाळा यंदा खाली फार आहे म्हणतात. पाणी उकळून प्या.

वच्छला


चिखलदरा,
ता. २४ मे १९३२

माणिकबाई,

नत्थुजी परत आला आणि मी त्याला ओट्यावरून उठू दिलं नाही. भाकर दिली, पुन्हा विचारलं, चहा दिला, पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाला, "बाई, मी नवरदेवाच्या बापाएवढा मांडवात नोतो, जेवढं तुमी मले विचारून राहिल्या."

पाण्याचं कळलं. तू सांगितलं होतंस, तेही कळलं. भाऊजींनी मानही हलवली होती, आणि लग्नाच्या सकाळी मांडवात शिरल्याबरोबर तांब्या घेऊन सगळ्या गोंड्यांवर पाणी मारलं. जन्मभराची सवय. त्यांना दोष कसा देऊ? वऱ्हाड दाराशी येईपर्यंत निळाई गेली, फुलं काळी पडून नवरानवरीच्या डोक्यावर लोंबायला लागली, वास सुटला. आजेसासू गंगूबाईंनी वर पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "हे काय टांगलं? कोन्या देवावरून उतरवून आनलं?" कोणीतरी हसलं, कोणीतरी तिला खाली बसवलं, अंतरपाट धरला. लग्न लागलं. एवढं झालं हे वाईट झालं, पण लागलं.

आता डब्याचं. तू तो तिला दिलास. ते ऐकून मला काय वाटलं ते मी लिहीत नाही, कारण सरोजिनीबाईंना वाचायला लागेल.

डब्यातली ती वेणी मी गोंड्यातलं एकेक सुटं फूल घेऊन केली होती. सगळी फुलं पाण्यात वाळवतात तशी ही नव्हेत. ही वाळूत वाळवलेली. नदीची बारीक वाळू चाळून, डब्यात पसरून, त्यावर चार पाकळ्यांचं एकेक फूल ठेवायचं आणि चिमटीनं आधी पाकळीखाली वाळू सोडायची, मग वरून. वरून आधी टाकली तर फूल चपटं होतं. म्हणून तर रंग तसाच राहिला. मांडवाचे गोंडे काळे पडले तरी तिच्या केसातलं निळं तसंच होतं, असं नत्थुजी म्हणतो. केस कमरेपर्यंत आहेत म्हणतो. वेणी कोणी दिली असं तिनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, तुझ्या मायनं ठेवून दिली होती.

ते खोटं नाही बाई. मला त्यावर पुष्कळ दिवस काढता येतील.

वच्छला


चिखलदरा,
ता. १९ आगस्ट १९३२

माणिकबाई,

भगवंत गेला हे नत्थुजीकडून कळलं. अमरावतीत पटकीची साथ आहे हे इथल्या डाक्टरसाहेबांच्या तोंडून ऐकलं होतं, पण ती तानूच्या सासरच्या आळीत असेल असं मनात आणलं नाही. सकाळी बागेत गेला आणि दिवेलागणीला गेला म्हणतात. लग्नाला तीन महिने झाले.

तानू कुठं आहे? तिला जुलाब नाहीत ना? विहिरीचं पाणी कोणी पिऊ नये. मडमनं औषधाची पुडी दिली आहे, विहिरीत टाकायची, तिनं पाणी जांभळं होतं पण चांगलं असतं. नत्थुजीजवळ देत आहे, ती आधी अमरावतीला पोचव, मग बाकीचं.

तुझं पत्र येऊ दे. इथं पाऊस थांबत नाही, गाडी खाली जात नाही. नत्थुजी पायी निघतो म्हणाला, मी नको म्हटलं नाही.

वच्छला


चिखलदरा,
ता. ४ सप्टेंबर १९३२

माणिकबाई,

पोळ्याच्या दिवशी तुझं पत्र मिळालं. अक्षर सरोजिनीबाईंचं, पण शब्द तुझेच. त्यांनी तुझं रडणंसुद्धा लिहिलं आहे, "येथे बाई थांबल्या" असं. त्यांना सांग, पुढच्या वेळी तेवढं गाळावं.

कळलं ते असं. भगवंतच्या तिसऱ्या दिवशी गंगूबाईंनी मांडवातल्या फुलांची गोष्ट काढली. मेलेली फुलं डोक्यावर बांधली म्हणून मुलगा मेला. मग पोरीच्या पेटीतून वेणी काढली, तीही मेलेलीच निघाली. फुलं आणली कोणी? भाऊजी तिथं दुःखाला गेले होते. सगळी माणसं त्यांच्याकडे पाहायला लागली आणि ते घाबरले. म्हणाले, मी मागवली नाहीत, पोरीची आई चिखलदऱ्याला जिवंत आहे, पाटाची, तिनं आपणहून धाडली.

म्हणजे तानूला मी आहे हे असं कळलं.

त्या घरी आता तिला गोठ्यात बसवलं आहे. पांढऱ्या पायाची म्हणतात. गंगूबाई म्हणते, आईनं फुलं धाडली आणि पोरीनं ती डोक्यात घातली, दोघी एकच. येत्या रविवारी अमरावतीला जातीचे पंच बसणार आहेत. तू लिहिलं आहेस, मी पंचांसमोर उभी राहीन आणि खरं सांगीन, की फुलं माझ्याच नवऱ्यानं मागवली, पाणी त्यांनीच शिंपडलं, वच्छलानं तर नको म्हणून कळवलं होतं.

सांगू नको.

तू नीट ऐक. त्या आळीत त्या आठवड्यात किती तिरड्या निघाल्या ते नत्थुजीनं पाहिलं. त्या सगळ्यांच्या मांडवात काय निळे गोंडे होते? हे मला कळतं, तुला कळतं, पंचांतल्या शहाण्या माणसालाही कळत असेल. पण गंगूबाईचा नातू मेला आहे आणि तिला कोणाला तरी धरायचं आहे. तू खरं सांगितलंस तर फुलं तानूच्या माहेरची ठरतील. घरच अपशकुनी, मग त्या घरची पोरगी कोण पाटानं नेईल? चौदा वर्षांची आहे ती. गोठ्यात किती वर्षं काढेल, याचा विचार कर. दोष घराबाहेर गेला तरच ती सुटते, आणि घराबाहेरची मीच आहे. अगोदरच मेलेली.

म्हणून मी येते. रविवारी पंचांसमोर मी सांगणार आहे की होय, फुलं मी जाणून धाडली. माझी पोरगी माझ्यापासून तोडली म्हणून माझ्या मनात विष होतं. शेषरावांना माहीत नव्हतं, माणिकबाईंना माहीत नव्हतं, आणि पोरीला तर आई जिवंत आहे हेच माहीत नव्हतं. वेणी तिच्या पेटीत मी नत्थुजीकडून चोरून ठेववली. नत्थुजी हे कबूल करायला तयार नव्हता. "मी चोर कायले होऊ?" म्हणून दिवसभर रुसला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "होतो. पन माझ्या बहिणीले खरं काय ते सांगजा."

याच्या बदल्यात भाऊजींनी दोन गोष्टी करायच्या. रविवारी पंच उठले की त्याच दिवशीच्या गाडीनं तानूला अकोल्याला घेऊन जायचं, एक रात्रही तिथं ठेवायची नाही. आणि वर्ष सरलं की चांगलं घर पाहून तिचा पाट लावायचा. हे त्यांच्याकडून सरोजिनीबाईंच्या समोर कबूल करून घे. मास्तरांच्या घरी दिलेला शब्द ते मोडणार नाहीत. माझ्याजवळ दिलेला मोडतील.

मला पंच वाळीत टाकतील. टाकू देत. घरच्यांना मी सांगितलं, तुम्ही इथंच थांबा, म्हणजे तुमच्यावर येणार नाही. ते कुदळीचा दांडा बसवत होते. म्हणाले, "जातीबाहेर जायचंच त दोघं जाऊ. एकटी काहून जातं?" आणि पुन्हा दांड्यावर ठोकायला लागले. आजची चार वाक्यं तिथंच संपली.

बाग सध्या पूर्ण निळी आहे. मडम विचारते, आश्विनात कोण तोडणार. मी म्हटलं, परत येईन. खोकल्यामुळे आता कोठीत जास्त बसवत नाही, पण बोटांना कळतं तोवर काम होईल.

एक काम तुझ्याकडे आहे, आणि ते तुला जमेल की नाही याची मला भीती वाटते. मी पंचांसमोर बोलायला लागले की तुला रडू येईल. रडायचं नाही. तू रडलीस तर सगळ्यांना कळेल. त्यापेक्षा उठ, माझ्या अंगावर ये, आणि लहानपणी झेंडूच्या माळेवरून भांडताना ओढायचीस तसे माझे केस ओढ. जोरात ओढ, लोकांना खरं वाटलं पाहिजे. तेव्हा गडबड होईल, बायका उठतील, तानूही उठेल.

ती काही बोलली तर बोलू दे. थुंकली तर थुंकू दे, तिला अडवू नको. जवळ आल्याशिवाय कोणी कोणावर थुंकत नाही.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. वच्छलानं काय लिहिलं असं कोणी विचारलं, तर सांग, शिव्या लिहिल्या.

वच्छला